दोन छत्र्या आणि एक अंगठा

आमच्या पठारावरील शाळेच्या दर्शनी भिंतीवर दोन कोनशिला आहेत. एक काळ्या पाषाणाची, दुसरी पांढऱ्या संगमरवराची. मजकूर दोन्हींवर जवळजवळ एकच: पठारावरील वाडीस गावाशी जोडणारा बिनतारी दुवा अमुक यांच्या अथक प्रयत्नांतून साकार होऊन तमुक यांच्या शुभहस्ते जनतेस अर्पण. दुवा हवेतून जातो; हवेत दगड बसवता येत नाही; सबब ती जबाबदारी शाळेच्या भिंतीवर आली. या भिंतीस ओल येते अशी माझी स्वतंत्र लेखी तक्रार आहे. दगड लागल्यापासून ओल झाकली गेली, म्हणजे त्या तक्रारीचेही एका परीने निवारण झाले.

काळ्या दगडावर मजकुराखाली एक आकडा ठळक कोरलेला आहे: ६१४४०. राजगड करून पालीकडून वाट वाकडी करीत इकडे येणारे ट्रेकर तो आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची समजून त्याच्यासमवेत छायाचित्रे काढून घेतात. फूट धरले तरी हे पठार हिमालयाच्या दुप्पट भरते, याबद्दल त्यांतील एकानेही अद्याप शंका उपस्थित केलेली नाही. शिक्षणाचा प्रसार झाला आहे, एवढेच म्हणतो.

तो आकडा तिथे कसा आला, हे पुरते जाणणारी माणसे तीन. त्यांतील एक मी. ही हकिकत माझ्या एकाही पत्रातून आजवर बाहेर गेलेली नाही, आणि माझ्या पत्रांतून बाहेर न गेलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

मी भोरच्या न्यायालयात नाझर होतो. नाझर म्हणजे ज्याच्या हाताखाली बेलिफ असतात, ज्याच्या टेबलावरून समन्स आणि नोटिसा बाहेर पडतात आणि बजावणीचे अहवाल परत येतात. बिऱ्हाड उत्रोलीला होते. भाताच्या खाचरांच्या बांधावरून रोज चालत कचेरी गाठत असे. त्या टेबलावर मी एकच गोष्ट पक्की शिकलो: पाठवणे म्हणजे पोहोचणे नव्हे. समन्स बेलिफाच्या पिशवीत पडले म्हणून बजावले गेले, असे कायदा मानत नाही. घेणाऱ्याने सही द्यायची, ती सही आमच्यापर्यंत यायची, आणि ती आली अशी नोंद आम्ही करायची. यांतील एक पायरी निसटली की फेरसमन्स. निवृत्तीनंतर माझ्या वाचनात आले की दोन संगणक दूरवरून विश्वासाचे बोलणे करण्यापूर्वी नेमके हेच करतात. पहिला हाक देतो. दुसरा म्हणतो, ऐकली, माझी तुला ऐकू येते का. पहिला म्हणतो, येते. मग कामाचे बोलणे सुरू. या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. वाचून मला समाधान वाटले. निर्जीव पेट्यांना जी शिस्त साधली, ती सजीव कार्यालयांना साधू नये यात दोष शिस्तीचा नाही, हे तरी सिद्ध झाले.

निवृत्तीनंतर वेल्ह्याकडच्या मूळ गावी आलो. मध्यंतरी तालुक्याचे नाव बदलले, पाट्या नव्या झाल्या. पाटीखालची रेंज होती तशीच राहिली. गाव खाली, ओढ्याकाठी. वर पठारावर मेंढ्या-शेरडे राखणाऱ्यांची वीसेक घरांची वाडी. वाडीला रस्ता नाही, दगडांतून चढणारी दोन तासांची पायवाट आहे. गावातील ग्रामपंचायतीपर्यंत जमिनीखालून इंटरनेटची तार आलेली आहे. वाडीवर मात्र मोबाईल हा बॅटरीचा उपयोग करण्यापुरताच.

त्या वाडीत आक्का राहतात. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. माझ्या लहानपणी त्या आमच्या घरी लोणी घालायला येत आणि मला तोंडभर हसत. आता एकट्या आहेत. सोबतीला पाच शेळ्या आणि एक रेशनकार्ड, ज्यावर नाव त्यांचे एकटीचे. सरकारने फर्मावले की कार्डावरील प्रत्येकाने अमुक मुदतीत दुकानातील मशीनवर अंगठा जुळवून आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे. न केल्यास नाव कमी. आक्कांच्या कार्डावरून एक नाव कमी झाले की उरते कोरे कार्ड, आणि कोऱ्या कार्डावर तांदूळ मिळत नाही.

त्या दोनदा खाली उतरून आल्या. दुसऱ्या खेपेस माझ्या ओट्यावर बसल्या तेव्हा उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

"मशीन काय म्हणाले?" मी विचारले.

"ते कशाला काय म्हनतंय? नुसतं फिरतंय. म्या अंगठा ठिवला, फिरलं. पदराला पुसून ठिवला, परत फिरलं. दुकानदार म्हनतो, रेंज न्हाई, उद्या या. म्हनलं, बाबा, मी काय यष्टी हाय का रोज खाली-वर करायला?"

"आक्का, पुढच्या वेळी तुम्हाला झोळीत घालून आणू. चार माणसे लावतो."

"झोळीतनं मानूस येकदाच उतरतो, दादा. ती येळ आली की उतरंन. रेशनपायी न्हाई."

त्या गुडघ्याने पुन्हा उतरणे होणार नव्हते. आक्का खाली येणार नसतील तर अंगठ्याचे मशीन वर जायला हवे, आणि मशीन वर चालायचे तर खालचे इंटरनेट वर जायला हवे. दुकानदार महिन्यातून एकदा मशीन वर न्यायला तयार होता. "तिथं नेट असंल तर," ही त्याची अट. अट रास्त होती, म्हणून मी तिच्याविरुद्ध पत्र लिहिले नाही.

बाकी सर्वांना लिहिले. मागणी स्वच्छ होती: ग्रामपंचायतीच्या छतावर लहरी फेकणारी एक छत्री, वाडीवरील शाळेच्या छतावर तिच्या समोर तोंड करून दुसरी, मध्ये तार नको, खांब नको. अशा जोडीला ब्रिज म्हणतात. या बाजूचे बोलणे उचलून त्या बाजूला ठेवणे, एवढेच त्याचे काम. स्वतःचे मत तो देत नाही. कारकुनांत असा गुण मी क्वचितच पाहिला. मूळ अर्ज एका कार्यालयास आणि 'प्रत माहितीस व योग्य त्या कार्यवाहीस' म्हणून सहा ठिकाणी. पहिल्या कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने 'आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा' असे लिहून पहिल्याकडे. शिवाय सहाही प्रतींनी आपापला प्रवास आरंभला. सहा महिन्यांत माझ्याच अर्जाच्या अग्रेषणाची पत्रे मला इतकी आली की पोस्टमनने माझ्या घरी चहा घेणे हा हक्क समजायला सुरुवात केली. मधल्या काळात सरकारने अंगठ्याची मुदत दोनदा वाढवली. सरकार मुदतवाढ देते. गुडघा देत नाही.

सहा प्रतींपैकी दोन मी गावातच दिल्या होत्या, आणि इथे माझी पहिली चूक झाली. एक वरच्या आळीच्या पुढाऱ्यांना. ग्रामपंचायत त्यांच्या हाती. दुसरी खालच्या आळीच्या पुढाऱ्यांना; शेजारची विकास सोसायटी त्यांच्या हाती. दोघे एकाच कुळातले चुलतभाऊ. जत्रेत मानाच्या नारळाचा लिलाव होतो, त्यात हे दोघे समोरासमोर बसतात, आणि जो मोठा आकडा बोलेल त्याचा नारळ पालखीपुढे आधी फुटतो. एका वर्षी बोली इतकी लांबली की देव दुपारपर्यंत उन्हात उभा होता. देवाने तक्रार केली नाही. त्याला पत्ते ठाऊक नसावेत.

वरच्या आळीने एका वजनदार माणसाला गाठले, खालच्या आळीने दुसऱ्याला. जे काम एकाने सहा महिने होत नव्हते, ते दोघांनी मिळून पंधरा दिवसांत दोनदा झाले. ग्रामपंचायतीच्या छतावर एक छत्री, भिंतीला भिंत लागून असलेल्या सोसायटीच्या छतावर दुसरी. खालची तार एकच, म्हणून दोन्ही छत्र्यांना इंटरनेट पुरवणारी पेटीही एकच, ग्रामपंचायतीच्या कपाटातली. वर शाळेच्या कौलांवर दोन छत्र्या हातभर अंतराने, एकमेकींकडे न पाहता. दोन दिवसांच्या अंतराने दोन नारळ फुटले आणि दोन दगड लागले.

त्यानंतर तीन आठवडे काहीही चालू झाले नाही. दोन्ही छत्र्यांच्या तारा शाळेच्या खोलीत लोंबत होत्या. खोलीत मशीनला नेट देणारी एक लहान पेटी होती, आणि दुकानदार त्या पेटीत कोणतीच तार खुपसत नव्हता.

"एकाची लावली की दुसरं माझं दुकान बंद पाडत्यात," तो म्हणाला. "दोनीबी आळीचं तेल-मीठ माज्याकडनंच जातं, सायेब."

यावर मी पत्र लिहिले. अद्यापही ते मला भाषेच्या दृष्टीने निर्दोष वाटते. 'उभय दुवे सार्वजनिक निधीतून झालेले असल्याने त्यांपैकी कोणत्याही एकास वगळणे हा उघड पक्षपात होय. सबब उभय तारा शाळेतील पेटीस तत्काळ व एकाच वेळी जोडण्यात याव्यात. अन्यथा सक्षम प्राधिकरणाकडे दाद मागणे भाग पडेल.' दुकानदाराने पत्र दोनदा वाचले, हात जोडले, आणि मुदतीचे तीन दिवस उरले असताना वर जाऊन दोन्ही तारा जोडल्या.

त्या सकाळी मीही काठी टेकत चढलो. आक्कांसह दहा-बारा मंडळी शाळेच्या पडवीत बसली होती. दोन्ही पुढारी आपापल्या माणसांसह आले होते आणि आपापल्या दगडाखाली उभे होते. दुसरी तार आत जाताच पेटीवरचे सारे हिरवे दिवे एकदम लवलवू लागले, इतके की डोळा ठरेना.

"बगा!" वरच्या आळीचे ओरडले. "लई नेट आलं! आमच्या छत्रीचं हाय हे."

"तुमची आदी लावली तवा येवढं दिवं लागलं होतं का?" खालच्या आळीचे म्हणाले. "आमची लागली आन् दिवाळी झाली."

आक्कांनी अंगठा ठेवला. मशीन फिरले. पुसून ठेवला. फिरले. इतरांचेही तेच. दुपारी खालून माणूस निरोप घेऊन आला की ग्रामपंचायतीतले नेट, जे आजवर बरे चालले होते, तेही बंद पडले आहे. दिवे मात्र लवलवतच होते. एवढी हालचाल आणि एवढे शून्य फळ मी याआधी केवळ आढावा बैठकांत पाहिले होते.

पुढले दोन दिवस तर्कशास्त्राचे गेले. वरच्या आळीचे म्हणणे, त्यांची छत्री आमच्या लहरी खाते. खालच्या आळीने आपल्या छत्रीला लिंबू-मिरची बांधली. मी दोन पत्रे लिहिली, आणि ती टाकायला गेलो असता प्रथमच मनात आले की ही पत्रे पोहोचेपर्यंत आक्कांचे नाव कमी झालेले असेल. पत्रे खिशात ठेवून मी शिवऱ्याला फोन लावला. तिथे एक बाई महामार्गावरच्या ढाब्यांना कॅमेरे आणि नेट बसवून देतात. माझ्या भाच्याच्या गोदामाचे काम त्यांनी केले होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाई स्कूटर पायथ्याला लावून, पाठीवर पिशवी टाकून वर आल्या. पुढाऱ्यांनी त्यांच्यामागे आणखी कोणी येते आहे का ते पाहिले. कोणी येत नव्हते.

बाईंनी पेटीकडे पाहिले मात्र आणि म्हणाल्या, "काका, हे नेट नाही. हे वादळ आहे."

"विस्ताराने सांगा," मी म्हणालो.

"मशीनला खालच्या पेटीशी बोलायचं असतं, पण ती कुठं आहे ते माहीत नसतं. म्हणून ते आधी दवंडी देतं: अमुक कोण आहे, हाक द्या. दवंडी सगळ्यांनी ऐकायची असते, म्हणून ब्रिज ती उचलतो आणि पलीकडे नेतो. बरोबर केलं त्यानं. पण पलीकडे दुसरा ब्रिज बसलाय. त्याला वाटतं नवी दवंडी आली, तो ती उचलून परत इकडं आणतो. इकडं पहिल्याला ती परत नवी वाटते. अशी ती फिरत राहते. एक संपायच्या आत दुसरी, तिसरी. सगळा रस्ता दवंड्यांनी भरला, कामाच्या बोलण्याला जागाच नाही."

"दवंडीवर काही तारीख? शिक्का? किती हात फिरली याची नोंद?"

"काहीच नसतं, काका. टपालाला निदान शिक्के तरी पडतात."

पुढाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. भिंतीला टेकून गुडघा चोळीत बसलेल्या आक्का मात्र पुढे सरकल्या.

"वाघुरीला दोन तोंडं ठिवली व्हय रं?" त्या म्हणाल्या. वाघूर म्हणजे मुक्कामी मेंढरांभोवती लावतात ते जाळीचे कुंपण. "मेंढरं मोजायची तर येकच तोंड उघडं ठिवतात. दोन ठिवलीस तर हितनं मोजून भाईर काढल्याली मेंढी तिकडनं आत येती. मग मोजत बस. माझ्या सासऱ्यानं येकदा तसं केलं. तीनशे मोजली, आन् आमची होती साठ."

"अगदी तेच, आजी!" बाई म्हणाल्या. मी एवढे वाचन केले होते. मला हे सुचले नव्हते.

"पण दोन्ही तारा एकाच पेटीत लावायचं डोकं कोणाचं?" बाईंनी विचारले.

दुकानदाराने मशीनखालून एक कागद काढला, चार घड्या उलगडल्या आणि नम्रपणे बाईंच्या हाती दिला. बाईंनी मोठ्याने वाचला. 'तत्काळ व एकाच वेळी' हे शब्द पडवीभर ऐकू गेले. खाली सही माझी होती, जावक क्रमांकासह. आयुष्यभर मी कार्यालयांना त्यांचेच कागद दाखवून गप्प केले आहे. समोरच्या बाजूला उभे राहून कसे वाटते ते त्या दिवशी कळले, नोंद घेतली.

आक्का हसल्या. लोणी घालायला येत तेव्हा जशा हसत, तशाच. "म्हंजी माझी मेंढरं तुमीच फिरवलीत का, दादा?"

बाईंनी एक तार उपसली. दिवे क्षणात शांत झाले आणि सभ्यपणे, एकेक करून, लुकलुकू लागले. परंतु तार कोणाची, हे आधी पाहिले गेले.

"आमची काडली!" वरचे उठले. "आमच्या दगडाखाली हुबं ऱ्हाऊन आमचीच तार काडती ही?"

बाईंनी ती लावली आणि दुसरी काढली. आता खालचे उठले. दोन्ही लावल्या की वादळ, एक काढली की रण. दुकानदाराने घड्याळ दाखवले. मशीन सहाला बंद होते, आणि आजची सहाची वेळ ही आक्कांच्या नावाची शेवटची वेळ होती. साडेचार झाले होते.

दोन्ही पुढारी अंगणात एकमेकांचे पूर्वज काढीत असताना बाईंनी मला खोलीत बाजूला घेतले.

"एक मार्ग आहे. दोन्ही तारा राहू द्यायच्या. ब्रिजमध्ये एक प्रोटोकॉल असतो, तो कुणी चालू केलाच नाही. तो केला की पेट्या आपसांत ठरवतात, थोरला कोण. थोरल्याची वाट उघडी राहते, दुसऱ्याची बंद. बंद म्हणजे मेलेली नाही, जागी. थोरला पडला की मिनिटभरात ती उघडते."

"थोरला कोण ते कशावरून ठरते?"

"प्रत्येकाला एक आकडा देतात. ज्याचा आकडा लहान, तो थोरला."

"आणि ज्याचा मोठा तो वाद घालत नाही?"

"पेटी आहे हो काका ती."

आम्ही अंगणात आलो. बाई म्हणाल्या, "तारा दोन्ही राहतील. फक्त दोन्ही छत्र्यांना एकेक आकडा द्यायचाय."

"मोठा आमचा," वरच्या आळीचे तत्क्षणी म्हणाले.

बाईंनी काहीतरी समजावण्यासाठी तोंड उघडले. मी हात वर केला. असा हात मी न्यायालयात कधी केला नव्हता, कारण नाझराला तो अधिकार नसतो. "बाई," मी म्हणालो, "पक्षकारांचे म्हणणे आधी नोंदवून घ्या."

"मोठा का म्हनून तुमचा?" खालचे सरसावले. "आमचा वीस हजार!"

"अहो, पैसे नाही द्यायचे," बाई म्हणाल्या.

"पैसं न्हाईत? मग चाळीस!" वरचे म्हणाले.

"पन्नास!"

"आकडा असा कुठलाही नाही चालत," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कमालीचा गंभीर होता. "चार हजार शहाण्णवच्या पटीत जातो. सगळ्यात वरचा एकसष्ट हजार चारशे चाळीस. त्याच्यावर नाही."

"टाका आमच्या नावावर!" वरचे गरजले आणि त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. जत्रेत नारळ सुटतो तशाच.

खालच्या आळीचे खांद्यावरचा टॉवेल झटकून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमाला शून्य टाका. आमी सेवा कराया आलोय, मानाला न्हाई. शून्यच टाका, व्हय, समद्यांच्या म्होरं टाका!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. सर्व संबंधितांसमोर वस्तुस्थिती मांडणे हे माझे कर्तव्य होते. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली, या एका वाक्यावर मी निदान चार अधिकाऱ्यांना खुलासे द्यायला लावले आहे. मला एवढेच म्हणायचे होते: महोदय, इथे शून्य हा पहिला मान आहे. परंतु ते वाक्य उच्चारल्यावर काय होईल, तेही समोर दिसत होते. दोघेही शून्य मागतील, आणि सहा वाजतील. आक्का पडवीत अंगठा पदराला घासत बसल्या होत्या.

मी म्हणालो, "उभयपक्षी मान्य. नोंद करा."

बाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला, दोन्ही आकडे घातले, प्रोटोकॉल चालू केला. अर्धे मिनिट काहीच झाले नाही. मग दिवे निवले. खालच्या आळीची वाट उघडली, वरच्या आळीची मिटली, आणि अंगणात ज्याची वाट मिटली होती तो हार घालून घेत होता.

आक्कांचा अंगठा पहिल्यांदा जुळला नाही. दोहून दोहून बोटांच्या रेषा गेल्या आहेत. दुसऱ्यांदाही नाही. दुकानदाराने कोमट पाणी मागवले, हात भिजवला, पुसला. "नीट दाबा, आक्का. हलू नका." तिसऱ्या वेळी मशीन फिरले, थांबले आणि एका बाईच्या आवाजात म्हणाले की पडताळणी यशस्वी झाली आहे. आक्कांनी मशीनकडे संशयाने पाहिले. "आता हिला कसं कळलं मी कोन ते?" मग मागचे एकेक जण सरकले. सहापूर्वी सर्वांचे झाले.

त्या महिन्यापासून दुकानदार मशीन आणि खेचरावर धान्य घेऊन वर येतो. पावसाळ्यात माकडांच्या टोळीने खालच्या आळीच्या छत्रीला लोंबकळून तिचे तोंड आकाशाकडे केले. मिनिटभरात वरच्या आळीची वाट आपोआप उघडली आणि या अदलाबदलीचा कोणाला पत्ताही लागला नाही. बाईंनी येऊन छत्री सरळ केली, तेव्हा थोरल्याने पुन्हा आपली जागा घेतली. दोन्ही वेळा कोठेही भाषण झाले नाही.

वरच्या आळीच्या पुढाऱ्यांनी तो आकडा आपल्या काळ्या दगडावर कोरून घेण्याचे ठरवले आणि मजकूर तपासण्यासाठी माझ्याकडे आले. 'या दुव्यास सर्वोच्च क्रमांक प्राप्त' असे त्यांनी लिहिले होते. मी बराच वेळ कागद पाहिला. वाक्यातील प्रत्येक शब्द खरा होता. मी फक्त एक अनुस्वार दुरुस्त करून दिला.

सर्व वस्तुस्थिती मांडणारे एक पत्र मी त्याच आठवड्यात लिहिले होते. दोन्ही पुढाऱ्यांना एकेक, कोणासही प्रत नाही. ते नोंदवहीत आहे. जावक क्रमांकाची जागा कोरी आहे. ते बाहेर गेले की दुसऱ्या दिवशी वर दोन शून्यांचे भांडण सुरू होईल, आणि त्या महिन्याचे धान्य खाली राहील. म्हणून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस मी ते काढतो, वाचतो, भाषा तपासतो आणि परत ठेवतो.

मागच्या खेपेस वर गेलो असता आक्कांनी चुलीवरचा भात उतरवून माझ्यापुढे ताट ठेवले, वर शेळीचे दूध. कागदांचे काय चालले आहे, असे विचारले. मी त्या पत्राबद्दल सांगितले. तिसरे माणूस त्याच आहेत. बाईंनी लहान आकड्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्या दाराआड बसून ऐकत होत्या.

"पाटवायचंच हाय का?" त्यांनी विचारले.

"नियमाने पाठवायला हवे."

"मग मी गेल्यावर पाटवा," आक्का म्हणाल्या. "तवर जेवा. गार व्हतंय."